कळसूबाईच्या माथ्यावरून हाक

डोंगरावर निघालेल्या माणसाची पिशवी पाहिली की त्याचा बेत बहुधा कळतो. कोणाच्या पिशवीत कॅमेरा असतो, कोणाच्या दोर, कोणाच्या देवीला वाहायचा नारळ, आणि पुष्कळांच्या नुसत्या दशम्या नि चटणी. माझ्या पिशवीत दशम्यांच्या जोडीला एक छोटे बिनतारी यंत्र, एक बॅटरी आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. हातातल्या वेळूची चढताना काठी होते नि वर पोचल्यावर खांब. हौशी रेडिओ चालवणाऱ्या आम्हां लोकांना जगभर ‘हॅम’ म्हणतात. त्यासाठी परीक्षा द्यावी लागते, सरकारी परवाना घ्यावा लागतो, आणि भारतात ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होणारे संकेतनाव मिळते. पुढे हवेत तुमची ओळख तीच. हुद्दा नि पगार कोणी विचारत नाही; आणि या उद्योगातून पैसा मिळवायला तर साफ मनाई!

डोंगरमाथ्यांवरून असे बोलण्याचा एक रीतसर खेळच २ मार्च २००२ रोजी ब्रिटनमध्ये सुरू झाला. ‘समिट्स ऑन द एअर’ हे त्याचे नाव. नियम मोठे न्यायाचे आहेत. यंत्र स्वतः वाहून न्यायचे, मोटारीची वीज वापरायची नाही, आणि किमान चार ठिकाणांशी बोलणे झाल्याखेरीज शिखराचे गुण मिळायचे नाहीत. मला गुणांचा सोस नाही. पण चाराचा आकडा मात्र मी मनाशी धरून ठेवला आहे.

गेल्या मार्गशीर्षात कसाऱ्याला लोकल सोडली, घोटी गाठली, आणि भंडारदऱ्याच्या रस्त्याने बारी गावात उतरलो. कळसूबाईची वाट इथूनच वर जाते. चहाच्या टपरीवरच्या मामांनी माझा वेळू आणि तारेचे वेटोळे न्याहाळले.

“पाव्हणं, मासं धरायला चाललाय का डोंगरावर?”

मी यंत्र दाखवले. मामा हसले. “आवं, वर मोबाईलला रेंज हाय की! मंग ह्ये ओझं कशापायी?”

प्रश्न बिनतोड होता. मी चहा संपवला आणि चालू लागलो.

वाट शेताडीतून निघते, आणि मग कातळाला टेकवलेल्या लोखंडी शिड्या लागतात. पाठीवरची बॅटरी किती जड आहे हे खरे कळते ते शिडीवर. माथ्यावर देवीचे लहानसे देऊळ, आणि भोवती इतकी मोकळी हवा की श्वास घेण्याआधी माणूस बघतच राहतो. अलंग, मदन, कुलंग हे तिघे भाऊ शेजारी उभे. खाली भंडारदऱ्याचे पाणी. दूर हरिश्चंद्रगडाचा अवाढव्य पसारा. महाराष्ट्रातले हे सर्वांत उंच ठिकाण, १६४६ मीटर.

ही उंची आम्हां लोकांना सोन्याच्या मोलाची. दोन मीटर लांबीच्या लहरी प्रकाशासारख्या जवळजवळ सरळ जातात, आणि पृथ्वी वाटोळी असल्यामुळे सपाटीवर त्यांचे क्षितिज लवकर संपते. कळसूबाईवरून तेच क्षितिज समुद्रसपाटीच्या हिशेबाने सुमारे १६५ किलोमीटरवर जाते. नाशिक सरळ रेषेत ४५ किलोमीटर, मुंबई सुमारे १०५, पुणे १२०. यंत्राची शक्ती म्हणाल तर पाच वॉट, एखाद्या रात्रदिव्याएवढी. बाकीचे काम डोंगर करतो.

पहिली हाक दिली आणि मुंबई आली, स्वच्छ. पाठोपाठ पुणे आले, घोगरे. मधल्या डोंगरांच्या धारेवरून लहर थोडी वाकून जाते, तेवढ्या पुण्याईवर. तिसरे नाशिक. हॅम मंडळींत कोणत्याही वयाच्या गड्याला ‘ओल्ड मॅन’ म्हणण्याची चाल आहे. हे गृहस्थ खरोखरीच वृद्ध होते. त्यांनी आवाज कसा येतो ते सांगितले, आणि क्षणभर थांबून म्हणाले, “माथ्यावर वारा आहे का हो?”

“भणाणतोय.”

“तीस वर्षांपूर्वी मी आलो होतो. आता गुडघे घरच्या जिन्यालाही नाही म्हणतात. देवळातली घंटा जवळ आहे का?”

बॅटरीचा काटा खाली चालला होता, आणि चौथे ठिकाण अजून व्हायचे होते. पण देवळाशी गेलो, बटण दाबून यंत्र घंटेजवळ धरले आणि एक टोल दिला. बटण सोडले. नुसती खरखर. मग आवाज आला, “पोचली.” एवढेच.

आता वेळूवर तार चढवली, दोन्ही टोके उतारांवर ताणली. चाळीस मीटरच्या लहरी आकाशातल्या आयनांबरावर आपटून परत येतात. त्यांना डोंगरांची आडकाठी नाही. मोर्सच्या कळीवर हाक देत राहिलो. दहा मिनिटांनी बारीक कडकट्ट ऐकू आले: बंगलोर. चार झाले! पुढच्याच संदेशाला बॅटरीने मान टाकली.

उतरताना मामांच्या प्रश्नाचे उत्तर जुळवत होतो. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी असेच हौसेने यंत्रे घेऊन अंदमानात गेले होते. तिथून बोलायला कित्येक वर्षांनी परवानगी मिळाली होती, आणि त्या बेटांशी बोलायला जगभरचे हॅम टपले होते. २६ डिसेंबरला त्सुनामी आली. टेलिफोन बंद पडले, आणि हौसेची तीच यंत्रे पोर्ट ब्लेअरहून माणसांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीवर पोचवू लागली. टेलिफोनला मधली यंत्रणा शाबूत लागते. आम्हांला एक बॅटरी, एक तार आणि पलीकडे कान देऊन बसलेले कोणीतरी पुरते. ते कोणीतरी कोण, हे आधी ठाऊक नसते. म्हणून तर सवय ठेवायची.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. परवाना घरच्या पत्त्यापुरता आहे की फिरतीवरही चालतो ते आधी पाहावे. वळवाच्या दिवसांत माथ्यावर तार ताणू नये, वीज कोणाची ओळख ठेवीत नाही. देवळाच्या कळसाला तार बांधू नये, आणि एक बॅटरी जास्त न्यावी.

पुढचा बेत साल्हेरचा आहे, १५६७ मीटरचा. नाशिकच्या आजोबांनी त्या दिवशी यंत्राशी बसण्याचे कबूल केले आहे.