जिल्ह्याच्या गावचा वकील

जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावी वकिली करणाऱ्या माणसाचा व्यवसाय आणि संसार एकाच वस्तीत चालतो. दुपारी ज्याचा उलटतपास घेतला, तो संध्याकाळी किराणा दुकानात शेजारी उभा असतो. समोरच्या पक्षाची सून त्याच्या मुलीची शिक्षिका असते आणि समोरचा वकील बऱ्याचदा वर्गमित्र. मोठ्या शहरात खटला संपला की माणसे एकमेकांना दिसेनाशी होतात. इथे निकालानंतरही पुढची वीस-तीस वर्षे त्यांच्यातच काढायची असतात. ही जवळीक त्याचे काम अवघड करते आणि त्याला खरे मोलही तीच देते.

कायद्याच्या दृष्टीने हा वकील कोणाहून कमी नसतो. 1961 च्या अधिवक्ता कायद्याने वकिलांमधल्या जुन्या श्रेणी मोडल्या. महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची सनद घेतलेला वकील तालुका न्यायालयात उभा राहतो, तसाच उच्च न्यायालयातही राहू शकतो. तरी बहुतेक जण आपल्या गावातच आयुष्य काढतात. घराची पुढची खोली हेच ऑफिस. सकाळी चहाच्या वेळेपासून अशील येऊ लागतात, आठवडे बाजाराच्या दिवशी तर ओटाही भरून जातो. कारकून आजचे बोर्ड पाहून फायली काढतो. मग कोर्टात पुकाऱ्याची वाट, एखादी साक्ष, दोन-चार तारखा, मधल्या सुट्टीत बाररूममधला चहा. संध्याकाळी पुन्हा तीच पुढची खोली. फी नेहमीच वेळेवर येते असे नाही. शेतकरी अशील सुगी झाल्यावर हिशेब करतो.

त्याच्यापुढे येणारी प्रकरणे क्वचितच वर्तमानपत्रात झळकतात. बांध कोरला, वहिवाटीचा रस्ता अडवला, चेक वटला नाही, नवऱ्याने पोटगी थकवली, भावांनी वाटप मागितले. यांत सर्वांत नाजूक बाब बहिणीच्या हिश्शाची. महाराष्ट्राने 1994 मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून, आधी लग्न झालेल्या मुली वगळता, मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलासारखा जन्मसिद्ध हक्क दिला. केंद्राच्या 2005 च्या दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेद गेला. त्या वर्षी 9 सप्टेंबरला दुरुस्ती लागू झाली, तेव्हा वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. कायदा इतका सरळ झाला, तरी भाऊ बहिणीला घेऊन हक्कसोडपत्र करायला येतातच. माहेर तुटू नये म्हणून ती सही करायला तयारही असते. पुढच्या खोलीतली कसोटी इथे लागते. चांगला वकील भावांना बाहेर बसवतो, बहिणीला तिचा हिस्सा किती होतो ते आकड्यांत सांगतो आणि सही करायचीच का, हे तिच्या तोंडून ऐकतो. तिने तरीही सोडायचे ठरवले, तर तो निर्णय तिचा असतो. कागद तयार करण्याची फी दोन्ही प्रकारे सारखीच मिळते. फरक फक्त वकिलाच्या वागण्यात असतो.

व्यवसायाचे नियमही छोट्या गावात वेगळ्या तीव्रतेने जाणवतात. वकिलाला जाहिरात करता येत नाही, त्यामुळे त्याचे नाव तोंडोतोंडीच पसरते आणि तसेच खराबही होते. निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही किंवा दाव्याच्या मिळकतीत वाटा घेता येत नाही. अशिलाने विश्वासाने सांगितलेले बाहेर फोडायचे नाही, हे बंधन तर वकीलपत्र संपल्यावरही सुटत नाही. ज्या गावात प्रत्येक जण प्रत्येकाचा नातलग, तिथे हे पाळणे सोपे नसते. लग्नाच्या पंगतीत कोणी सहज चौकशी करते, घरातली माणसेही विचारतात, आणि वकिलाला विषय बदलावा लागतो.

या घराला वकिलीची झळ लागतेच. पुढच्या खोलीत माणसे बसलेली, म्हणून मुलांनी दंगा करायचा नाही. पहाटे अटकेची बातमी आली, की जामिनासाठी घरातला माणूस निघाला. पूर्वी घरच्या बाईच्या वाट्याला आलेल्यांचे चहापाणी तेवढे येई. आता कित्येक घरांत तीच सनद घेऊन शेजारच्या टेबलावर बसते. मुलगा-मुलगी वकील झाली तर अशिलांची दुसरी पिढी त्यांच्याकडे येते. नाही झाली तर कपाटातले कायद्याचे खंड एखाद्या ज्युनिअरकडे जातात.

सार्वजनिक कामाची या व्यवसायातली परंपरा जुनी आहे. साताऱ्यात जन्मलेले गणेश वासुदेव जोशी पुण्यात वकिली करत. 1870 मध्ये त्यांनी सार्वजनिक सभेच्या स्थापनेत पुढाकार घेतला आणि लोक त्यांना सार्वजनिक काका म्हणू लागले. वासुदेव बळवंत फडके यांचे वकीलपत्र घेणे 1879 मध्ये धोक्याचे होते, तेही त्यांनी घेतले. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे 1897 च्या तिथल्या काँग्रेस अधिवेशनाचे स्वागताध्यक्ष होते. 1908 मध्ये टिळकांना शिक्षा झाली, तेव्हा वऱ्हाडातली भरभराटीची वकिली सोडून ते अपिलाच्या खटपटीसाठी इंग्लंडला गेले आणि सुमारे दोन वर्षे तिथेच राहिले. यवतमाळचे वकील बापूजी अणे यांनी 1930 मध्ये पुसद भागात जंगल सत्याग्रहाचे नेतृत्व केले. तिघांच्याही कामाचा भार त्यांच्या घरांनी उचलला होता, हे चरित्रांत ओझरतेच येते.

आजचे सार्वजनिक काम कमी गाजते. तालीम, वाचनालय, देवस्थान यांचे विश्वस्त बदलले, की धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज करावा लागतो. तो गावातला वकील फुकट लिहून देतो. विधी सेवा समितीच्या पॅनेलवर तो असतो. 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, पण बऱ्याच जणींना हे प्रथम त्याच्याकडूनच कळते. लोकअदालतीत तडजोड झाली तर कोर्ट फी परत मिळते आणि निवाड्यावर अपील नसते. उच्च न्यायालयाचे खंडपीठ कोल्हापुरात यावे, म्हणून सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी वर्षानुवर्षे आंदोलन केले. ऑगस्ट 2025 मध्ये तिथे सर्किट बेंच सुरू झाले.

या जीवनाला डागही आहेत. तारखा वाढवून भांडण जिवंत ठेवणारा, दोन्ही पक्षांशी संधान बांधणारा, गावच्या पुढाऱ्याचा शब्द झेलणारा वकील प्रत्येक बारमध्ये सापडतो. जवळिकीचा तो गैरफायदा असतो. समाजकार्याच्या नावाखाली घराची आबाळ करणे हाही गुण नव्हे.

जिंकलेल्या दाव्यांवरून अशा वकिलाचे मोल करणे अपुरे ठरते, कारण त्याचे सर्वांत मोठे काम नोंदलेच जात नाही. पुढच्या खोलीत मिटलेल्या वाटपाला दावा क्रमांक नसतो आणि त्याचा रोजनामा कोणी लिहीत नाही. म्हणून वकील निवडताना त्याने किती खटले जिंकले, एवढेच विचारू नये. हातची फी सोडून ‘हा दावा करू नका, भावाशी बोला’ असे त्याने कोणाला सांगितले आहे का, याचीही चौकशी करावी.