मांडव नसलेल्या बागेत

“बाबा, आम्ही पळून जाऊन लग्न करायचं ठरवलंय. तुम्ही दोघं येणार ना?”

गेल्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. रविवारचा दुसरा चहा चालला होता. मारुंजीच्या आमच्या घराची गॅलरी नवव्या मजल्यावर आहे. समोर डोंगर, डोंगराच्या अलीकडे उंच उंच इमारती, आणि म्हाताऱ्याच्या तोंडात एखाददुसरा दात राहावा तशी मधूनमधून राहिलेली भाताची खाचरे. मुळशी तालुका आंबेमोहरासाठी नावाजलेला. आता सकाळी मारुंजीतून निघणारी मोटारींची रांग शेजारच्या हिंजवडीतल्या संगणकाच्या कचेऱ्यांकडे जाते. आमची लेक त्याच रांगेतली, आणि तिने पसंत केलेला मुलगाही.

आईबापांना बरोबर घेऊन पळून जायचे, हा प्रकार मला नवीन होता. मी हिच्याकडे पाहिले. ही काही न बोलता कपबशा उचलून आत गेली.

लेकीने मग मला समजावून दिले. इंग्रजीत यालाही पळून जाणेच म्हणतात म्हणे. पण हल्ली त्याचा अर्थ एवढाच, की गर्दी मागे ठेवायची आणि चार जिवाभावाची माणसे घेऊन कुठेतरी लांब, सुंदर जागी लग्न लावायचे. शब्दांनाही वयोमानाप्रमाणे मवाळपणा येतो! इंग्लंडात १७५४ साली लग्नाचा कायदा कडक झाला, तेव्हा अल्पवयीन प्रेमिक घोडागाडी जुंपून स्कॉटलंडची सरहद्द गाठीत. सरहद्दीवरच्या ग्रेटना ग्रीन गावात दोन साक्षीदारांसमोर ऐरणीपाशी लग्न लागे. मागून मुलीचा बाप दुसऱ्या घोडागाडीतून येत असायचा. आमची लेक मात्र बापालाच गाडी चालवायला सांगत होती.

“पण पळायचं कुठं?”

“नाशिकला. गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षांचे मळे आहेत ना, वाइन करतात तिथं. वीस माणसं. बस्स.”

नाशिकचे नाव निघाले आणि स्वयंपाकघरात भांडे जरा जोरात आपटले.

त्याचे कारण सांगायला हवे. हिचे माहेर नाशिक जिल्ह्यातले, पिंपळगाव बसवंतचे. घरची द्राक्षबाग. ही शिकायला पुण्याला आली आणि १९८६ साली आम्ही लग्न केले. तेही पळूनच, पण जुन्या, खऱ्या अर्थाने. जात वेगळी होती. माझे सासरे अशा गोष्टीत ऐकून घेणारे नव्हते. आम्ही १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली पुण्याच्या कचेरीत नोटीस दिली. हा कायदा मोठा उदार, पण त्यात एक गंमत आहे. नोटीस दिल्यावर तीस दिवस थांबायचे, आणि तेवढे दिवस ती नोटीस कचेरीत ठळक जागी लावून ठेवायची. म्हणजे ज्यांना चोरून लग्न करायचे त्यांची नावे फळ्यावर! त्या महिन्यात मी दर दोन दिवसांनी त्या कचेरीत जाऊन फळ्यापुढे उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे न्याहाळीत असे. पुष्कळ जोडपी या महिन्याला भिऊन आळंदीला जात आणि माउलींच्या गावात धार्मिक विधीने, सप्तपदी घालून मोकळी होत. आम्ही नेटाने महिना काढला. तीन मित्रांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या. मग बटाटेवडे आणि कॉफी. फोटो काढायचे कुणाच्या मनातही आले नाही.

हिने त्याच दिवशी घरी पत्र टाकले. उत्तर आले नाही. पाच वर्षांनी लेक झाली तेव्हा पिंपळगावहून द्राक्षांची एक पेटी आली. पेटीत चिठ्ठी नव्हती, पण पेटी आली. मग जाणे-येणे सुरू झाले, सणवार झाले, सासरे गेले. मात्र लग्नाचा विषय त्या घरात कुणी कधी काढला नाही, आणि आम्हीही काढला नाही.

त्या रात्री ही म्हणाली, “मला पळावं लागलं. हिला कोण हाकलतंय? चार माणसं पोटभर जेवून आशीर्वाद देतील, एवढंसुद्धा माझ्या नशिबी नव्हतं. हिच्या लग्नात तरी दारात मांडव पडेल म्हणून मी वाट बघत होते.”

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

पुढचे दोन महिने यादीत गेले. हिच्या यादीत तीनशे चाळीस नावे, लेकीच्या यादीत वीस. लेकीचे म्हणणे, २०२१ साली साथीच्या दिवसांत सरकारने पंचवीसच माणसांना परवानगी दिली होती, तेव्हा लागलेली लग्ने काही कच्ची राहिली नाहीत. मी मधे पडून म्हटले, की महात्मा फुल्यांनी १८७३ साली कमी खर्चाच्या लग्नांची सुरुवात करून दिली, आपण दीडशे वर्षे उशिरा का होईना! त्यावर दोघी माझ्यावरच उलटल्या. शेवटी आकडा चोविसावर थांबला. नोंदणी पुण्यात आणि माळा नाशकात, असे ठरले. आणि चोविसांत पहिले नाव, लेकीनेच लिहिलेले, आजीचे. नाशिक तिने आजीसाठीच निवडले होते. ब्याऐंशी वर्षांच्या बाईला मारुंजीपर्यंत प्रवास नको, म्हणून लग्नच तिच्या जवळ न्यायचे.

एक गोष्ट मात्र कुणाच्या ध्यानात आली नव्हती. आजी माळकरी आहे.

फेब्रुवारीत आम्ही दोघे दोन दिवस आधी निघालो. मारुंजीहून नाशिक दोनशेवर किलोमीटर. वाकड, भोसरी, मोशी ओलांडून चाकणला पोचेपर्यंत अर्धा जीव मोटारींच्या धुरातच जातो. राजगुरुनगर, मंचर मागे पडले की रस्त्याला रंग येतो. नारायणगावापाशी शेते हिरवी आणि डोंगरांचे आकार देखणे. याच गावाजवळ १९८० च्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फेसाळणारी वाइन तयार होऊ लागली. ती युरोपात ‘ओमर खय्याम’ या नावाने विकली जाई. आम्ही एस.टी.तून याच रस्त्याने नाशकाकडे जायला कचरत होतो, त्या सुमारास जुन्नर तालुक्यातली द्राक्षे फारसी कवीचे नाव लावून परदेशी गेलेली होती! पुढे आळेफाटा, चंदनापुरीचा घाट, संगमनेर, सिन्नर. घाटात ही पहिल्यांदा बोलली. “आई नाही म्हणाली तर?”

आई नाहीच म्हणाली.

पिंपळगावला पडवीत बसल्याबसल्या तिने जाहीर केले, “नातीला माझा आशीर्वाद हाये. पन दारूच्या बागेत मी यायची नाही.”

मेहुण्यांनी समजावले. तेही हल्ली थोडी वाइनची द्राक्षे लावतात. म्हणाले, “आई, ते द्राक्षच आहे. आपल्यासारखाच शेतकरी तेही पिकवतो.” ती म्हणाली, “तुझा तू पिकव.” मी रुक्मिणीची गोष्ट काढली. आपल्या विदर्भातली, कौंडिण्यपूरची ही राजकन्या स्वतः पत्र धाडून कृष्णाबरोबर पळून गेली, आणि त्याच कथेवरचे नाथांचे ‘रुक्मिणी स्वयंवर’ आपण उपवर मुलींना लग्न जमावे म्हणून वाचायला देतो! आजीने माझ्याकडे नुसते पाहिले. “जावईबापू, तिथं दारू नव्हती.” मी गप्प झालो.

आणि एकदम ही बोलली. “आई, तू माझ्याही लग्नाला नव्हतीस.”

पडवीत कुणी हलले नाही. मेहुणे उठून गुरांकडे गेले. मला उठताही येईना.

आजी बराच वेळ मणी ओढीत राहिली. मग म्हणाली, “मला बोलावलं व्हतंस?”

हिने उत्तर दिले नाही.

“तुझं पत्र आलं ते लगीन लागल्यावर. आदुगर आलं असतं, तर तुझ्या बापाला न सांगता एस.टी.त बसले असते मी. पैसंबी व्हते माझ्याकडं. कुनी इचारलंच नाही मला.”

जवळजवळ चाळीस वर्षे आम्ही धरून चाललो होतो, की त्या घराने आम्हांला नाकारले. त्या फळ्यापुढे महिनाभर मी भीत उभा होतो, त्या महिन्यात एक पोस्टकार्ड टाकण्याची बुद्धी दोघांपैकी एकालाही झाली नव्हती. टाकले असते तर ते सासऱ्यांच्याच हाती पडले असते, असे मी स्वतःशी म्हणून पाहिले. ते खरेही असेल. पण त्या दोघी माझ्याकडे बघत नव्हत्या, म्हणून मी उठून बागेत गेलो.

रात्री कितीतरी वेळ दोघी आत बोलत होत्या. सकाळी आजी म्हणाली, “तांब्याभर पानी घरनं घ्या माझं. तिथलं काही तोंडात घालायची नाही मी.”

नाशिकपासून गंगापूर रस्त्याने पश्चिमेला निघाले, की थोड्याच वेळात शहर सुटते आणि गोदावरीवरच्या मातीच्या धरणाचे पाणी दिसू लागते. हा सारा मुलूख समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच; दिवसा ऊन, रात्री गारवा. खाण्याच्या द्राक्षांसाठी नाशिकचे नाव जुनेच होते. वाइनची खरी सुरुवात इथे १९९७ च्या सुमारास झाली. राजीव सामंत नावाचा तरुण अमेरिकेतली नोकरी सोडून परत आला आणि त्याने घरच्या जमिनीवर सोव्हिन्यॉ ब्लाँ आणि शेनँ ब्लाँ या फ्रेंच जातींच्या वेली लावल्या. २००० साली ‘सुला’ची पहिली बाटली बाजारात आली. नंतर भोवती अनेक मळे उभे राहिले, आणि मागून पर्यटक आले, खोल्या आल्या, लग्नेही आली.

आमचा मळा त्यांतलाच एक, लहानसा. मेहुणे मला वेलींतून फिरवीत होते. नाशिकच्या वेलीचे वेळापत्रक युरोपच्या वेलीसारखे नाही. तिकडे हिवाळ्यात वेल झोपते. इथे ती झोपतच नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटावी लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिने काड्या तयार होतात. आणि ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, तिने घड येतात. तोड जानेवारीपासून मार्चपर्यंत. छाटणीनंतर अवकाळी पाऊस आला, की डाउनी पडतो आणि वर्षाची मिळकत चार दिवसांत जाते. “तुमच्या नोकऱ्यांना गारपीट नसते, भाऊजी,” मेहुणे म्हणाले.

वाइनचे द्राक्ष दिसायला गरीब. मणी बारीक, साल जाड, आत बिया. पण साखर भरपूर, आणि त्या साखरेचेच किण्व मद्य करते. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे पिळून नुसता रस ठेवतात. तांबडीसाठी रस सालींसकट आंबवतात, रंग सालींतून उतरतो. आमच्या जावयाने हे सारे मला पोलादी टाक्यांपुढे उभे राहून सांगितले. त्याने स्वतः मात्र आजीच्या मानासाठी त्या दिवशी पेल्याला हात लावला नाही. मला तेव्हाच तो मुलगा पसंत पडला. (मी एक पेला घेतला. आंबट लागली. दुसरा घेतला तेव्हा तितकी लागली नाही.)

आजीला मोटारीतून उतरवले. वेलींच्या ओळी समोर पसरल्या होत्या, तारांवर कुंपणासारख्या उभ्या चढवलेल्या. तिने हात कपाळाशी नेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिले आणि मोठ्याने म्हणाली, “अगं बाई, हितं मांडवच नाही!”

क्षणभर आमच्या हिचा चेहरा उतरला. मग मेहुणे हसायला लागले आणि आमच्या ध्यानात आले. पिंपळगावकडे खाण्याच्या द्राक्षाची वेल डोक्याच्या वर, मांडवावर चढवतात. आजीने जन्मभर तशीच बाग पाहिलेली. तिने जवळच्या घडाचा एक मणी तोडला, तोंडात टाकला, बी थुंकली.

“साल जाड हाये,” ती म्हणाली. “पन गोडीला बरं हाये.” आदल्या दिवशीचा नेम ती विसरली, की मळ्यातले द्राक्ष तिच्या हिशेबी ‘तिथले’ नव्हते, हे विचारायची छाती कुणाला झाली नाही.

संध्याकाळी पाचच्या सुमारास, धरणाकडे ऊन कलले असताना, दोन ओळींच्या मधल्या वाटेवर पाट मांडले. अंतरपाट हिच्या जुन्या शालूचा. मंगलाष्टके जावयाच्या आईने म्हटली. तिचा गळा चांगला आहे. मामा पाठीशी उभे राहिले. माळा पडल्या. चोवीस माणसांच्या टाळ्या उघड्या माळावर इतक्या लहान वाटल्या, की मला एकदम भरून आले.

मग ओटीची वेळ झाली. लेक पदर पुढे करून आजीसमोर बसली. आजीने तांदूळ, नारळ, खण घेतला आणि म्हणाली, “थांब. आदी तुझ्या आईची.”

ही साठी ओलांडलेली बाई. माणसांत कधी रडत नाही.

मारुंजीला परतल्यावर आठवड्याने पिंपळगावहून फोन आला. आजीला नातीच्या लग्नाचा फोटो हवा होता, आणि “तुमचाबी असंल तर धाडा.” आमचा नव्हताच. ही दोन दिवस कपाट उपसत होती. शेवटी १९८६ चा नोंदणीचा दाखला सापडला. घडीवर फाटलेला, तीन साक्षीदारांच्या सह्या फिकट झालेल्या. खालच्या दुकानात जाऊन तिने त्याची झेरॉक्स काढून आणली आणि फोटोंबरोबर पाकिटात घातली. पत्रात काय लिहिले ते मला दाखवले नाही.

मेहुणे सांगतात, नातीचा फोटो बैठकीच्या खोलीत लावला आहे. झेरॉक्स मात्र आजीने देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवली आहे. तिला अक्षर फारसे दिसत नाही. तारीख तेवढी कुणाकडून तरी वाचून घेते.