विझत्या सुराची राखण

पियानोचा सूर वाजला की त्याच क्षणी विझायला लागतो. पेटीचं तसं नाही. भाता चालू आहे तोवर पट्टी दाबून बसा, सूर जागचा हलत नाही. माझे वडील पेटी वाजवायचे, त्यामुळे हा फरक मला लहानपणीच कळला होता, आणि पियानो हे वाद्य बराच काळ मला थाटामाटाचं पण आतून गरीबच वाटत राहिलं. मींड नाही, हे तर दोघांचंही दुखणं. या आणि असल्याच तक्रारींपायी १९४० साली आकाशवाणीनं पेटीला दार बंद केलं आणि ते किलकिलं व्हायला काही दशकं जावी लागली. पण पेटी निदान सूर धरून तरी ठेवते. पियानोच्या नशिबी तेवढंही नाही.

असं असूनही तरुणपणापासून मी ज्याच्या नादी लागले आहे तो माणूस पियानोवाला निघाला. व्लादिमीर होरोविट्झ. जन्म १९०३ चा, किएव्हचा. १९२५ मध्ये रशिया सोडली, १९२८ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये चायकोव्हस्कीचा पहिला कॉन्चेर्टो वाजवला. त्या रात्री थॉमस बीचम हे ऑर्केस्ट्रा चालवत होते. त्यांचंही अमेरिकेतलं ते पहिलंच दर्शन. शेवटच्या भागात होरोविट्झ त्यांना मागे टाकून सुसाट सुटला. आपल्याकडे तबलजीला असं सोडून गवई पुढे गेला असता तर बैठकीनंतर अबोला झाला असता. तिथे मात्र दुसऱ्या दिवशी गावभर त्याचं नाव झालं.

काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून मी त्याची पहिली कॅसेट आणली ती या सुसाटपणासाठीच. सूझाच्या एका मिलिटरी मार्चचं त्यानं स्वतः पियानोवर बसवलेलं रूप त्यात होतं. खाली बँडचा ठेका, मध्ये चाल आणि वर पिकोलोची किलबिल, हे सगळं एकाच वेळी. तिसरा हात कुठून आला, असं वाटायचं. घरी येईल त्याला मी ते ऐकवायची. वडिलांनी शेवटपर्यंत ऐकलं, ‘हात झकास फिरतोय’ म्हणाले, आणि पानाचा डबा पुढे ओढत विचारलं, ‘पण गातोय कुठं?’

प्रश्न बरोबर होता, पण पेटीवाल्यानं विचारावा याची गंमत होती. पेटीवर गाता येत नाही असं म्हणणाऱ्यांशी ते जन्मभर भांडले. गोविंदराव टेंब्यांचं नाव निघालं की त्यांची मान ताठ व्हायची. आप्पा जळगावकर गवयाच्या मागे जाताना दोन पट्ट्यांमधली फट कशी बुजवतात, हे दाखवायला ते हातातला चहा खाली ठेवत. दोन सुरांमधली जागा रिकामीच असते, ती ऐकणाऱ्याच्या कानात भरायची असते, हे त्यांच्याकडून मी इतक्या वेळा ऐकलं होतं की पुढे होरोविट्झकडे तेच सापडलं तेव्हा वेगळं काही सापडल्यासारखं वाटलं नाही.

ते सापडलं मॉस्कोच्या मैफलीत. २० एप्रिल १९८६, रविवार, दुपारी चार. रविवारी चारलाच वाजवायचं, हा त्याचा हट्ट. स्वतःचा स्टाइनवे न्यूयॉर्कच्या घरातून उचलून बरोबर नेलेला. जेवायला सोल मासाच हवा, तोही ताजा, म्हणून त्याचीही वेगळी सोय. (पापलेट महागलं म्हणून बोंबलावर भागवणाऱ्या आमच्या घरात ही बातमी संगीतापेक्षा जास्त दिवस चघळली गेली.) एकसष्ट वर्षांनी मायदेशी परतलेला ब्याऐंशी वर्षांचा माणूस कॉन्झर्व्हेटरीच्या मोठ्या सभागृहात येऊन बसतो. सुरुवात स्कार्लात्तीच्या छोट्या सोनाटांनी, पुढे मोझार्ट, राखमानिनोव्ह, स्क्रियाबिन. आणि सगळं ठरलेलं वाजवून झाल्यावर, लोकांच्या आग्रहाखातर, शूमानची ‘ट्रॉयमराय’. कॅमेरा प्रेक्षकांवर फिरतो तेव्हा एका माणसाच्या गालावरून अश्रू ओघळताना दिसतो. ते दृश्य जगभर गाजलं. मला विचाराल तर त्या अश्रूमुळे थोडं नुकसानही झालं. लोक त्या गृहस्थाकडे बघतात आणि हात बघायचे राहून जातात.

हात बघण्यासारखेच आहेत. पियानोच्या शिक्षिका बोटं कमानीसारखी वाकवायला शिकवतात. हा बोटं जवळजवळ सपाट ठेवतो. मनगट खाली, तळवा कित्येकदा पट्ट्यांच्याही खाली गेलेला. उजव्या हाताची करंगळी आत मुडपून ठेवलेली, आणि तिची पाळी आली की नागानं फणा काढावा तशी ती बाहेर येते, सूर घेते, परत आत. बाकी शरीर स्थिर. डोळे मिटणं नाही, डोलणं नाही, चेहऱ्यावर तर पासबुक भरायला आलेल्या पेन्शनराचे भाव.

आणि तो चेहरा ठेवून हा माणूस करतो काय? पियानोत पट्टी दाबली की हातोडी उडते, पण तारेला लागायच्या आधीच ती पट्टीपासून सुटलेली असते. म्हणजे वाजवणाऱ्याच्या हाती उरतं काय, तर हातोडी किती वेगानं सोडायची, केव्हा सोडायची आणि पेडल कधी दाबायचं, कधी सोडायचं. एकदा सुटलेल्या सुराचं पुढे काही करता येत नाही. त्याला फुगवता येत नाही, वळवता येत नाही. मग ‘गाणं’ करायचं तर ते शेजारच्या सुरांकडूनच करून घ्यावं लागतं.

हे मला होरोविट्झपेक्षा माझ्या भाचीच्या मिसनं जास्त नीट समजावलं. भाची वांद्र्याला पियानो शिकायला जायची आणि मी सोबतीला बसायची. ‘ट्रॉयमराय’ तशी परीक्षेच्या मुलांनाही झेपणारी चीज, १८३८ सालच्या तेरा छोट्या तुकड्यांतली सातवी, जेमतेम तीन मिनिटांची. पांढरी चार धरली तर आपल्या हिशेबानं ओळ अशी: मंद्र पंचमावरून निघते, सा वर टेकते, मग नी सा ग प करत तार षड्जावर जाऊन थांबते, आणि तिथून नी ध प अशी उतरते. दुसऱ्या खेपेला तीच चढण षड्जावर न थांबता तार गंधार गाठते. भाचीनं तार षड्ज वाजवला आणि लगेच उतरायला लागली. मिसनी तिचा हात धरला. ‘नुसता तो एक वाजव. आता ऐक.’ खोलीत पंखा होता, तोही बंद केला. सूर पातळ होत होत बराच खाली गेला. ‘आता जेवढा उरलाय ना, तेवढ्याच आवाजात पुढचा घे. मोठा घेतलास तर मागचा तुटेल.’ मुलीनं चार-पाच वेळा प्रयत्न केला आणि एकदा खरंच ते दोन सूर जोडले गेले. मींड नव्हती, पण मधली फट गेली होती. वडील असते तर चहा खाली ठेवला असता.

होरोविट्झ हे एका सुराचं नाही, एकाच वेळी तीन-चार ओळींचं करतो. वरची ओळ विझत असताना तिच्या पोटातली दुसरी ओळ तो किंचित पुढे काढतो, कान तिकडे जातो, आणि पहिली कधी संपली ते कळतच नाही. साथीचे सूर इतके खाली दाबलेले असतात की गाणारा सूर आपोआप उंच वाटतो. राखमानिनोव्हच्या तिसऱ्या कॉन्चेर्टोमधला डाव्या हाताचा गडगडाट आणि हे हळुवार वाजवणं ही दोन वेगळी कसबं आहेत असं समजणारे पुष्कळ भेटतात. मला ते एकच वाटतं. कोणाला किती वजन द्यायचं, त्याचा हिशेब. सूझाच्या मार्चमधला तिसरा हातही त्यातलाच होता, म्हणून ती कॅसेट मी टाकून दिलेली नाही.

हिशेब चुकायचाही. बारा वर्षं मंचापासून दूर राहून ९ मे १९६५ ला तो कार्नेगी हॉलमध्ये परतला. तिकिटांसाठी लोक रात्रभर रांगेत उभे होते. आणि बाख-बुसोनीच्या सुरुवातीलाच बोटं घसरली. त्या वेळच्या रेकॉर्डमध्ये काही चुका दुरुस्त करून घेतल्या होत्या. पुष्कळ वर्षांनी जशीच्या तशी मैफल निघाली. मी ती घेतली आणि जुनी रेकॉर्ड कोणाला तरी देऊन टाकली. १९८३ चं टोकियो मात्र ऐकवत नाही. औषधांच्या गुंगीत बोटं भरकटलेली, एका जपानी समीक्षकानं त्याला तडा गेलेली पुराणवस्तू म्हटलं ते कठोर होतं, खोटं नव्हतं. त्यानंतर तीनच वर्षांनी मॉस्को, आणि त्याच वर्षी पुन्हा टोकियो, या वेळी सावरलेल्या हातांनी. म्हातारपणी असं परत येता येतं, हे मला माझ्या गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर फार उपयोगी पडलं.

५ नोव्हेंबर १९८९ ला तो गेला. शेवटचं ध्वनिमुद्रण त्याआधी चारच दिवस झालं होतं.

भाचीला आता तो फारसा पटत नाही. ‘मावशी, शूमाननं लिहिलंय ते वाजवायचं की स्वतःचं?’ असं तिचं म्हणणं. ती रादू लुपूच्या बाजूची. पाठीच्या साध्या खुर्चीत टेकून बसणारा, दाढीवाला, कुणाला काही सिद्ध करून न दाखवणारा. तिनं मला त्याची ‘ट्रॉयमराय’ पाठवली. मी ऐकली. सुंदर आहे, तक्रारीला जागा नाही. फक्त ती तार गंधाराची चढण, शेवटाजवळ शूमाननं जिथे थांबण्याची खूण लिहिली आहे आणि खाली एक अगदी वेगळीच स्वरसंगती आणून ठेवली आहे, तिथे लुपू मला फार समजूतदार वाटतो. हे मी तिला कळवलं आहे. उत्तर येईल ते भांडणाचंच असणार.