डावाच पाय का सुजला?

प्रिय चिमणे,



रिपोर्टचा फोटो मिळाला. ‘मे-थर्नर’ हे नाव वाचून तुमच्या घरात सुतक पडल्यासारखं झालंय, असं जावईबापू सांगत होते. ताईचं म्हणणं, बाळंतिणीला दृष्ट लागली. लागली असती तर दोन्ही पायांना लागली असती, असं तिला सांग.

गोष्ट शरीराच्या ठेवणीची आहे. डाव्या पायाचं रक्त वर नेणारी इलियाक शीर कमरेच्या पाचव्या मणक्यासमोरून उजवीकडे जाते, आणि तिला आडवी ओलांडून उजव्या पायाची धमनी उतरते. पुढून ठोके देणारी धमनी, मागे हाड. मधल्या मऊ शिरेची चेपाचेपी होते. रक्ताच्या गाठी डाव्या पायात जास्त होतात हे फिरखो नावाच्या जर्मन डॉक्टरनं १८५१मध्येच टिपलं होतं. पुढे १९५७ साली ऑस्ट्रियातल्या मे आणि थर्नर यांनी ४३० शवं तपासली, तर २२ टक्क्यांमध्ये त्या जागी शिरेच्या आत जाडसर पडदे सापडले. खुरपं धरणाऱ्या हाताला घट्टा पडतो, तसं काहीसं.

मग इतकी वर्षं तुला काहीच कसं झालं नाही? कारण नुसत्या चेपण्यानं सहसा काही बिघडत नाही. गरोदरपणात रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढते, ती बाळंतपणानंतरही काही आठवडे टिकते. त्यात पोटातल्या बाळाचा भार, नंतर सिझेरियन आणि अंथरूण. आधीच अरुंद असलेल्या वाटेत गाठ धरली. दोन्ही पावलांवरची सूज बाळंतपणात नवी नाही, पण एकच पाय मांडीपर्यंत सुजून जड झाला तर ‘होतं असं, मीठ कमी कर’ म्हणून सोडायचं नसतं. तुला तसं सांगून आधी परत पाठवलं, याचा मला अजून राग आहे.

सोनोग्राफीच्या खोलीत माझा जन्म गेला, म्हणून तुझ्या पहिल्या डॉपलरबद्दलही सांगते. मांडीवर प्रोब दाबला की चांगली शीर चपटी होते, गाठ असेल तर होत नाही. सगळी परीक्षा त्या दाबण्यावर. पण ओटीपोटात खोलवर असा दाब देता येत नाही, शिवाय आतड्यातला वायू आड येतो. म्हणून मांडीतली गाठ दिसली आणि वरचं मूळ दिसलं नाही. ते सीटीत दिसलं.

आता स्टेंटचं, म्हणजे शीर उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीचं. सीटीत शीर दबलेली दिसली म्हणजे लगेच स्टेंट, असा हिशेब मला मान्य नाही. २००४ साली अमेरिकेत पोटदुखीसाठी सीटी झालेल्या, पायाची कुठलीच तक्रार नसलेल्या ५० जणांची हीच शीर मोजली गेली. चोवीस टक्क्यांमध्ये ती निम्म्याहून जास्त दबलेली होती! त्या लोकांना आजार नव्हता. तुला मात्र गाठ झाली आहे, सूज आहे, म्हणून तुझ्या बाबतीत विचार करायलाच हवा. स्टेंट ठरवण्याआधी शिरेच्या आतून सोनोग्राफी करणार का, हे डॉक्टरांना विचार. बारीक नळीच्या टोकावरचा प्रोब आतून फिरतो आणि खरी अरुंद जागा किती व कुठे, ते दाखवतो. गाठ विरघळवायची किंवा ओढून काढायची असेल तर ते ताज्या गाठीत जमतं, पण टाके ओले असताना रक्तस्रावाची भीती असते. तो निर्णय शिरांचं काम रोज करणाऱ्यांनी घ्यावा. आणि स्टेंट पडला तरी गोळ्या लगेच सुटत नाहीत.

रक्त पातळ करणारं औषध तर किमान तीन महिने. वॉरफरिन चालू असताना अंगावर पाजता येतं, सासूबाईंना निर्धास्त सांग. नव्या गोळ्यांपैकी कुठलीही कुणी लिहून दिली, तर आधी पाजते आहेस हे बोल. वॉरफरिनवर आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची, तपासणी चुकवू नकोस. पालेभाज्यांनी या औषधाचा परिणाम बदलतो, तरी मेथी-पालक बंद करायचं कारण नाही, फक्त एक दिवस टोपलीभर आणि आठवडाभर काहीच नाही, असं नको. पुढे पाळणा लांबवायला इस्ट्रोजेनच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. दुसऱ्या खेपेला दिवस राहावेत असं वाटलं तर आधी डॉक्टरांकडे जा, कारण वॉरफरिन गर्भाला बाधतं आणि त्याऐवजी हेपारिनची इंजेक्शनं घ्यावी लागतात.

छातीत दुखलं, दम लागला, खोकल्यातून रक्त पडलं, तर रात्रीचे दोन असोत, हॉस्पिटल गाठा. मला फोन नंतर.

आणि मालिशवाल्या बाईंना महिन्याचे पैसे देऊन टाका. बाळाला खुशाल चोळू दे, पण तुझ्या त्या पायाला हात लावू द्यायचा नाही. चोळल्यानं गाठ सुटून फुप्फुसात जाऊ शकते. ताई ऐकणार नाही, तर हे पत्र तिला मोठ्यानं वाचून दाखव.

फोटोवरून मला फार कळत नाही. सीटीची सीडीच कुरियर कर.

तुझी,
मावशी