३३० अंश

युद्धात हरवलेल्या विमानांचे तपास-अहवाल वाचण्याचा मला नाद आहे आणि ‘लेडी बी गुड’पाशी मी हटकून अडकते. हे अमेरिकन बी-२४ लिबरेटर बॉम्बर ४ एप्रिल १९४३ रोजी लिबियातल्या सोलुखच्या तळावरून नेपल्सच्या बंदरावर हल्ला करायला निघालं. आत नऊ जण, आणि ही त्यांची पहिलीच मोहीम. परतताना अंधार झाला, विमान एकटं पडलं. वैमानिक हॅटननं रेडिओवरून दिशा विचारली. बेनिना इथल्या रेडिओ केंद्रानं ३३० अंश सांगितली.

रेषा बरोबर होती, मेख तिथंच आहे. त्या केंद्राच्या अँटेनाला संकेताची रेषा कळे. विमान रेषेवर अलीकडे आहे की पलीकडे, हे कळत नसे. विमान तळ ओलांडून वाळवंटावर आलं होतं आणि समजूत अशी की अजून खाली समुद्रच आहे. दोनेक तास ते तसंच आत जात राहिलं. इंधन संपत आल्यावर सगळ्यांनी पॅराशूट घेऊन उड्या मारल्या. दप्तरी नोंद झाली ती समुद्रात बुडाल्याची.

१९५८ साली तेल शोधणाऱ्यांना ते विमानातून दिसलं, तळापासून सुमारे सातशे किलोमीटर आत. रेडिओ चालत होता, थर्मासमधला चहा पिण्याजोगा होता.

इथं बहुतेक वाचक हळहळतात : उड्या मारल्या तिथून विमान जेमतेम २६ किलोमीटर दक्षिणेला, त्यात अन्न, पाणी, आणि ही माणसं चालत गेली उत्तरेला! मला ही हळहळ फार स्वस्त वाटते. नकाशा आपल्या हातात आहे, त्यांच्या नव्हता. किनारा जवळ आहे असं वाटत असताना उत्तर सोडून दक्षिणेला जाणं हाच वेडेपणा ठरला असता. पुढं या विमानाचे सुटे भाग ज्या विमानांना बसवले त्यांनाही अपघात झाले म्हणे, म्हणून शापाची गोष्टही पसरली. अँटेनाचं कोडं समजून घेण्यापेक्षा शाप सोपा.

नऊ जणांपैकी वोराव्काचं पॅराशूट नीट उघडलंच नव्हतं. उरलेले आठ जण निघाले. सहवैमानिक टोनरच्या डायरीत रोजच्या दोन-चार ओळी आहेत : अर्धं कॅन्टीन पाणी, माणशी दिवसाला झाकणभर, ऊन, रात्रीची थंडी, प्रार्थना. शेवटची नोंद १२ एप्रिलची. १९५९ च्या लष्करी शोधात एकही मृतदेह सापडला नाही. पुढच्या वर्षी पाच जण सापडले, ते शंभराहून अधिक किलोमीटर चालून आले होते. रिपस्लिंगर, शेली आणि मूर मदत आणायला त्यांच्याही पुढं गेले होते. पहिले दोघं आणखी तीसेक किलोमीटरच्या पलीकडे सापडले. मूर कुठवर पोहोचला, ते अजून कुणाला ठाऊक नाही.