सांदवाडीतले सोबती

आमच्या झाडीपट्टीत घरामागच्या भाजीच्या वाडीला सांदवाडी म्हणतात. ब्रह्मपुरीजवळच्या आमच्या घराची सांदवाडी सासूबाईंची. त्यांना आम्ही सगळेच अम्मी म्हणतो. वाल, भेदरे, मिरची, सांभार, कुंपणाला पेरू. पोपटांनी पेरू टोकरले तरी अम्मी त्यांना हाकलत नाहीत. "सदका आहे, खाऊ दे," म्हणतात. लावलेल्या झाडाचं माणूस, पाखरू किंवा जनावर जे खाईल, ते लावणाऱ्याच्या नावे सदका ठरतं, ही हदीस मीही वर्गात मुलांना सांगत आले. किड्यांचा विचार मात्र कधी मनात आला नाही.

२०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले. बातम्या वाचून आम्ही हळहळलो. पण ते कपाशीवाल्यांचं दुखणं, आपला तर धानाचा मुलूख, असंच वाटत राहिलं.

पुढच्या हिवाळ्यात वालावर काळा मावा चढला. अम्मी नणंदेकडे गडचिरोलीला गेल्या होत्या. मी औषधाची बाटली आणली आणि अंदाजानेच पाण्यात ओतून फवारली. लेकीला सांगायचं राहून गेलं. संध्याकाळी ती वेलावरच्या कोवळ्या शेंगा खाऊन आली. रात्री उलट्या सुरू झाल्या, तोंडातून लाळ गळू लागली. दवाखान्यात जाताना ती बाटली सोबत नेली, एवढंच माझं शहाणपण. कोणतं विष पोटात गेलं ते डॉक्टरांना लगेच कळलं. दोन रात्रींनी लेक घरी आली, अल्हमदुलिल्लाह. अम्मी परतल्या, पण मला काही बोलल्या नाहीत. ते न बोलणं मला जास्त लागलं.

पंधरा दिवसांत मावा पुन्हा आला, तोही पहिल्यापेक्षा दाट. शाळेत हे सांगितलं तर सातवीतला एक शेतकऱ्याचा मुलगा म्हणाला, "मॅडम, मावा खाते तेच किडे तुमी मारले ना जी!" दुसऱ्या दिवशी त्याने काडेपेटीत एक किडा आणला. काळा, लांबट, नारिंगी ठिपक्यांचा, मगरीच्या पिल्लासारखा. मी ओळखला. भाजीची कीड समजून कित्येक वर्षं मी हाच किडा चिमटीत चिरडत आले होते. ती ढालकिड्याची अळी होती! मोठी होईपर्यंत एक अळी शेकडो मावा फस्त करते. फवारणीत दोघेही मरतात. पण मावा झपाट्याने वाढतो, त्याला खाणारे सावकाश वाढतात. म्हणून आधी मावाच परततो.

बीएड झालेल्या बाईला सातवीतल्या पोराने शिकवलं. त्याची लाज नाही वाटली, चिरडलेल्या अळ्यांची वाटली.

आता सगळा सांभार आम्ही खुडत नाही. थोडा फुलावर जाऊ देतो, मिरचीच्या कडेने झेंडू लावतो. त्या फुलांवर मावा खाणाऱ्या किड्यांची ये-जा असते. मध्ये एक आडवी काडी बांधलेली बांबूची काठी रोवली आहे, तिच्यावर कोतवाल येऊन बसतो आणि किडे टिपतो. मावा फारच वाढला तर लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम निंबोळीचा भरडा रात्रभर भिजवते, सकाळी गाळून घेते आणि ऊन उतरल्यावर शिंपडते. धामण दिसली तर काठी शोधत नाही. ती बिनविषारी असते, उंदीर खाते.

सगळ्यांशीच दोस्ती जमते असं नाही. रानडुकरं एका रात्रीत सुरणाचा वाफा उकरून टाकतात. आणि सिंदेवाही, सावली, ब्रह्मपुरीकडे वाघाने ज्यांच्या घरचं माणूस नेलं, त्यांना निसर्गाशी मैत्री करा असं कोणत्या तोंडाने सांगू? आम्हीही घरालगत झुडपं माजू देत नाही, अंधार पडल्यावर वाडीत एकटं कुणाला पाठवत नाही.

परवा वाल फुलला तेव्हा मावा दिसला. हात सवयीने पुढे गेला. तेवढ्यात लेक ओरडली, "अम्मी, थांब, ती आपली अळी आहे!" सासूबाई ओट्यावरून हसल्या. मी हात मागे घेतला.