दिवा लागतो कधी?

ऐंशीच्या दशकापर्यंत नाशकात मोटारसायकल म्हणजे राजदूत, येझदी नाहीतर बुलेट. १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १०० आली, पण ब्रेकचं गणित तेच राहिलं. दोन्ही चाकांना ड्रम, पुढे केबल, मागे रॉड. मागचा ब्रेक उतरला की रॉडच्या टोकाचा नट हातानेच आवळायचा, चाक फिरवून बघायचं आणि निघायचं त्र्यंबकला. लायनर गुळगुळीत झालं तर पॉलिश पेपर मारायचा. ड्रममध्ये पावसाचं पाणी गेलं तर ब्रेक हलका दाबत थोडं अंतर जायचं, म्हणजे लायनर तापून सुकायचं. बुलेटच्या हेडलाइटवर अँपिअरचा काटा असे, पण ब्रेकची खबर देणारा दिवा कुठल्याच गाडीला नव्हता. ब्रेक गेला हे पायाला कळायचं.

आता ते काम एबीएसचा, म्हणजे चाक जाम होऊ न देणाऱ्या ब्रेक यंत्रणेचा, पिवळा दिवा करतो. १२५ सीसीच्या वरच्या नव्या मॉडेलना एप्रिल २०१८ पासून आणि आधीच्या मॉडेलना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं. चाकाजवळ खाचांची एक रिंग फिरते, शेजारचा सेन्सर त्या खाचांवरून वेग मोजतो. ब्रेक दाबल्यावर चाक जाम होतंय असं दिसलं की यंत्रणा ब्रेक ऑइलचा दाब क्षणभर सोडते, पुन्हा देते, एका सेकंदात कित्येकदा. चावी फिरवल्यावर दिवा लागतो आणि गाडीने थोडा वेग घेतला की विझतो. इथवर सगळं ठीक.

डोकं खातो तो मधूनच लागणारा दिवा. पेठ रोडला लागतो, आणि डॉक्टरच्या दारात ताप उतरावा तसा सर्व्हिस सेंटरला पोचेपर्यंत विझतो. स्कॅनर लावतात, बिघाडाचा जुना कोड सापडतो, तो पुसतात, बिल हातात देतात. चार दिवसांनी दिवा पुन्हा हजर.

असला लपंडाव जुन्या गाड्याही खेळायच्या. हेडलाइट मधेच जायचा, गॅरेजमध्ये मात्र लख्ख. तेव्हा द्वारकेकडचे गॅरेजवाले चाचा पान्याला हात लावण्याआधी विचारायचे, “कधी होतं? हँडल वळवल्यावर? खड्ड्यात? का पावसात?” मग हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचे. दिवा फडफडला की टाकीखालची खरवडलेली वायर हाती लागायची.

एबीएसचं दुखणंही याच प्रश्नांनी सापडतं. हँडल वळवताना दिवा लागत असेल तर वायर कुठे घासते ते बघा. पूर्वी गाडी बादलीभर पाण्याने धुतली जायची, आता वॉशिंगवाला प्रेशर गन मारतो. धुतल्यानंतर लागला तर कनेक्टर उघडून सुकवा. पंक्चर किंवा टायर बदलल्यावर लागला तर रिंग वाकली का, सेन्सर सैल राहिला का ते तपासा. सुरगाण्याच्या चिखलातून आल्यावर लागला तर आधी सेन्सर आणि खाचा पुसून काढा. खड्ड्यात लागत असेल तर चाकाची बेअरिंग हलवून बघा. स्टार्ट करतानाच लागत असेल तर बॅटरी अशक्त असू शकते. गाडी सेंटर स्टँडवर चालू ठेवून, गिअर टाकून चेनला ऑइल सोडायची जुनी खोड तर आता सोडाच. बोट अडकायची भीती आहेच, शिवाय मागचं चाक फिरतंय आणि पुढचं थांबलंय हे बघून यंत्रणा स्वतःच दिवा लावते. चावी बंद करून गाडी पुन्हा चालवली की तो सहसा जातो.

तेव्हाचे ब्रेक चांगले होते असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. ओल्या रस्त्यावर मागचं चाक जाम होऊन आडवे झालेले त्या पिढीत पुष्कळ भेटतील. ब्रेक आजचेच चांगले. मागे राहिले ते चाचांचे प्रश्न, आणि ते विचारायला वेळ असलेलं गॅरेज.

म्हणून आता ते प्रश्न आपणच स्वतःला विचारायचे. दिवा लागला की कुठे, कधी, काय करताना, हे मोबाइलमध्ये टिपून ठेवा आणि मेकॅनिकला वाचून दाखवा. नुसता कोड पुसून गाडी परत घेऊ नका. एरवीचा ब्रेक तोवर लागतो, पण चाक जाम होण्यापासून वाचवणारं कुणी नसतं. दुरुस्ती होईपर्यंत पावसात कसारा घाट उतरू नका.